नकाशाला विचारायचे प्रश्न

पाणलोटाचं काम करताना मी आज संगणकावर उंचीचे तीन-चार वेगवेगळे माहितीसंच एकमेकांवर ठेवून पाहते. ही सवय मला लावली आमच्या गल्लीत राहणाऱ्या काकांनी. ते सर्वेक्षण खात्यातून निवृत्त झालेले. हवाई छायाचित्रांवरून काढलेल्या रेषा डोंगरात जाऊन तपासायच्या, हे त्यांचं नोकरीतलं काम. संगणक त्यांनी फारसा हाताळला नाही. तरीही कुठल्या उपग्रहाची माहिती कुठे चालते आणि कुठे चालत नाही, याची मला आज जी काही समज आहे, तिच्या मुळाशी तेच आहेत.

मुळशी-मावळच्या गावांत मी कामाला लागले तेव्हा नकाशा म्हणजे रस्ता दाखवणारी वस्तू, एवढंच मला माहीत होतं. समोच्च रेषांची व्याख्या शाळेत पाठ केली होती, पण त्या रेषा पाहून पाणी कुठून कुठे उतरेल ते सांगता येत नसे. गूगल अर्थ नुकतं हाती आलं होतं. पडद्यावर डोंगर तिरका करून पाहता यायचा आणि मला वाटायचं, हा डोंगर जसा आहे तसाच वरून टिपलेला आहे. मी तो काकांना कौतुकाने दाखवला. त्यांनी बराच वेळ पाहिला आणि विचारलं, “पोरी, चित्र छान आहे. पण उंची कुणी मोजली? आणि केव्हा?”

मला उत्तर देता आलं नाही. चित्र एकीकडून येतं आणि त्याखालची उंची दुसरीकडून, हेच मला ठाऊक नव्हतं. शोधल्यावर कळलं की जगभरच्या अशा चित्रांखाली बऱ्याच ठिकाणी एसआरटीएमची उंची आहे. फेब्रुवारी २००० मध्ये एन्डेव्हर यान अकरा दिवस पृथ्वीभोवती फिरलं, त्यावरच्या रडारने ती मोजली. भारतासाठी ती अनेक वर्षं ९० मीटरच्या चौकोनांत मिळत होती, ३० मीटरची नंतर खुली झाली. मी हे सगळं काकांना वाचून दाखवलं. ते म्हणाले, “म्हणजे ९० मीटरच्या तुकड्याला एकच आकडा. मग आपला तैलबैला त्यात कसा दिसतो ते बघ.”

तैलबैला पाहिलेल्यांना सांगायला नको. पठारावर बेसॉल्टच्या दोन उभ्या भिंती, मध्ये खिंड. माझ्या पडद्यावर तिथे एक मऊ उंचवटा होता. भिंती नाहीत, खिंडही नाही. काकांनी त्या भागाची टोपोशीट, म्हणजे सर्वेक्षण विभागाचा छापील नकाशा, उघडली. १:५०,००० प्रमाण, वीस-वीस मीटरवर रेषा, आणि कड्यापाशी त्या रेषा एकमेकींना चिकटलेल्या. तिथे कडा आहे हे माणसाला माहीत होतं म्हणून त्याने तो काढला होता. त्या दिवसापासून मला संगणकावरच्या गुळगुळीत डोंगराबद्दल सावधपणा आला आणि टोपोशीटबद्दल आदर.

टोपोशीट वाचायला त्यांनीच शिकवलं, पुण्याच्या ४७ एफ/१४ वरून. रेषांची टोकं चढाकडे वळली तर ओढा, उताराकडे वळली तर सोंड. ते उत्तर आधी सांगत नसत. बोट ठेवून विचारत, “इथे पाऊस पडला, तर पाणी कुठल्या गावात जाईल?” मी चुकले की पुन्हा तोच प्रश्न, तितक्याच शांतपणे.

पुढे हातात जीपीएस आलं. एका झऱ्याची जागा नोंदवून मी जुन्या टोपोशीटवर टाकली, तर झरा ओढ्याच्या पलीकडे, धारेवर जाऊन बसला. मला वाटलं यंत्र बिघडलं. काकांनी शीटच्या समासातला मजकूर वाचायला लावला. आपल्या जुन्या शीट जॉर्ज एव्हरेस्ट यांनी १८३० साली ठरवलेल्या पृथ्वीच्या आकारावर बेतलेल्या, तर जीपीएस डब्ल्यूजीएस ८४ नावाच्या दुसऱ्या आकारावर. “पृथ्वी तीच,” ते म्हणाले, “पण मोजणाऱ्यांनी तिचा आकार वेगळा धरलाय.” त्यामुळे जागा शेकडो फूट सरकते. उंचीचंही तसंच. जीपीएसची कच्ची उंची समुद्रसपाटीपासून नसते, गणिताने मानलेल्या पृष्ठभागापासून असते, आणि आपल्याकडे दोन्हींत साठ मीटरहून जास्त फरक पडतो. म्हणून त्यांनी आणखी एक प्रश्न माझ्या पदरात टाकला : शून्य कुठे धरलंय?

हे प्रश्न घेऊन मी सॉफ्टवेअरकडे वळले. आमच्या छोट्या संस्थेला आर्कजीआयएस हे विकतचं नकाशा-सॉफ्टवेअर परवडणारं नव्हतं. अलास्कातल्या गॅरी शर्मन यांनी २००२ साली क्यूजीआयएस लिहायला घेतलं आणि पुढे जगभरच्या लोकांनी ते वाढवलं. ते विनामूल्य मिळालं नसतं, तर माझ्यासारखीच्या हातून हे काम झालंच नसतं. त्या माणसांचंही माझ्यावर ऋण आहे. त्यातच ग्रास या दुसऱ्या विनामूल्य सॉफ्टवेअरची साधनं जोडलेली आहेत. उंचीची माहिती दिली की कुठल्या चौकोनातलं पाणी कुठल्या चौकोनात जातं ते काढून पाणलोटाची हद्द आखता येते.

पण हद्द आखली की काकांचा पहिला प्रश्न परत समोर येतो. एका गावात सॉफ्टवेअरने ओढा देवराईला वळसा घालून नेला. ओढा खरं तर देवराईतूनच वाहतो. गावातलं लहान पोरही सांगेल. रडारला दाट झाडीखालची जमीन दिसत नाही. त्याने झाडांचे शेंडे मोजले होते आणि सॉफ्टवेअरने त्याला टेकडी समजून पाणी बाजूने वळवलं होतं. हे कळतं ते दोन-तीन माहितीसंच शेजारी ठेवल्यावर आणि गावात चालल्यावर. सह्याद्रीसाठी मी आता आधी कोपर्निकस या युरोपीय कार्यक्रमाची ३० मीटरची उंची घेते, कारण ती २०११ ते २०१५ दरम्यान मोजलेली आहे आणि धारा त्यात जास्त नीट उतरल्या आहेत. इस्रोच्या भुवन संकेतस्थळावरून मिळणारी कार्टोसॅटची उंची तिच्याशी ताडून पाहते. तो आपला उपग्रह, २००५ साली सोडलेला. पुढे आणि मागे रोखलेल्या दोन कॅमेऱ्यांनी टिपलेल्या जोडचित्रांतून ती उंची काढतात. रडारला जिथे कड्याची सावली आड येते तिथे तिची मदत होते, ढग असतील तिथे मात्र नाही. एसआरटीएम मी टाकून दिलेलं नाही. २००० नंतर झालेले तलाव, खाणी त्यात नाहीत, आणि आधी जमीन कशी होती हे पाहायला तेच लागतं. अ‍ॅस्टर या आणखी एका उपग्रह-उपकरणाच्या उंचीत जमिनीवर नसलेले खड्डे-उंचवटे फार, ती मी क्वचितच उघडते.

सलग समतल चर आखताना मात्र यातलं काहीही पुरत नाही. चराचा तळ काही बोटांच्या फरकानेही चुकला तर पाणी एका टोकाला धावतं, आणि उपग्रहाच्या उंचीत काही मीटरची चूक सहज असते. तिथे ए-फ्रेम, म्हणजे इंग्रजी ‘ए’च्या आकाराची चौकट, आणि ओळंबाच लागतो. पडद्यावरच्या रेषेवरून थेट चर खणायला निघालेले उत्साही लोक भेटले की मी त्यांना कळकळीने थांबवते. श्रमदान करणाऱ्यांचा घाम वाया जाऊ नये, एवढंच मनात असतं.

सर्वेक्षण विभागाने २०१७ मध्ये नक्शे संकेतस्थळावरून टोपोशीट विनामूल्य द्यायला सुरुवात केली, तेव्हा मी काकांना सांगायला धावत गेले. एकेकाळी एका शीटसाठी अर्ज, ओळखपत्र, खेपा. कोकण किनाऱ्याच्या शीट तर निर्बंधित. काका बराच वेळ त्याच विषयावर बोलत राहिले, सोबत काम केलेल्या खलाशांबद्दल, म्हणजे खात्यातल्या मदतनीस मजुरांबद्दल, कुठल्या धारेवर कुणाचा पाय मुरगळला त्याबद्दल. नकाशावर त्या माणसांचं नाव नसतं. त्यांची आठवण काकांनी करून दिली नसती तर मला कधी झाली नसती.

आता काकांची नजर मंदावली आहे. मी नवी माहिती उतरवली की त्यांच्याकडे जाऊन आकडे वाचून दाखवते. कळसूबाई १६४६ मीटर भरते की कमी, हे ते अजून आधी विचारतात. चौकोनाची सरासरी असल्याने बहुतेक वेळा कमीच भरते, आणि किती कमी यावरून ते त्या माहितीचा अंदाज बांधतात. हल्ली त्यांच्या सांगण्यावरून मी ओपनस्ट्रीटमॅपवर सवाष्णी, वाघजाई अशा घाटवाटा आणि त्यांच्यावरची पाण्याची टाकी जागेवर जाऊन नोंदवते आहे. नावं धनगरवाड्यांतल्या जुन्या माणसांना विचारूनच घालते. तैलबैल्याच्या खालच्या अंगाची दोन टाकी अजून राहिली आहेत. ती पावसाळ्याआधी झाली पाहिजेत, असं काकांनी बजावलं आहे.