केनवुड : सर्वांचा वाडा

लंडनच्या उत्तरेला, हॅम्पस्टेड हीथच्या वरच्या कडेला केनवुड हाउस आहे. समोरची हिरवळ उतरत तळ्यापर्यंत जाते आणि तळ्याच्या टोकाशी पांढरा कमानदार पूल दिसतो. चालत तिथवर गेले, तर तो पूल नव्हताच! नुसता लाकडी देखावा. वाड्यातून पाहणाऱ्याला तळं वाहत्या नदीसारखं भासावं म्हणून उभारलेला.

वाड्याला आजचं रूप लॉर्ड मॅन्सफील्ड यांच्या काळात आलं. त्यांनी ही जागा १७५४ साली घेतली, आणि पुढे रॉबर्ट अ‍ॅडम या वास्तुकाराने तिचा कायापालट केला. त्याच्या ग्रंथालयातलं फिकट निळं-गुलाबी छत बघताना मान अवघडली, तरी पाय निघेना.

याच घरात डायडो बेल वाढली. मॅन्सफील्डच्या भाच्याची मुलगी. आई गुलाम आफ्रिकी स्त्री. गुलामाला बळजबरीने इंग्लंडबाहेर नेता येणार नाही, असा निकाल १७७२ साली देणारे सरन्यायाधीश हेच मॅन्सफील्ड. डायडोवर त्यांची माया होती. तरीही पाहुणे आले की जेवणाच्या पंगतीत तिला जागा नसे. जेवणं आटोपल्यावर, कॉफीच्या वेळी ती बायकांत येऊन बसे. एरवी दुभती जनावरं आणि कोंबड्या यांची देखरेख तिच्याकडे होती.

१९२२ मध्ये वाड्यातल्या सामानाचा लिलाव झाला. जमिनीवर घरं बांधायचा घाट घातला गेला होता. तो हाणून पाडला लोकांनी, वर्गणी काढून! वाचवलेली जमीन १९२५ मध्ये सर्वांसाठी खुली झाली. त्याच वर्षी गिनेस बिअरच्या घराण्यातल्या लॉर्ड आयव्हा यांनी वाडा आणि भोवतालची ७४ एकर जागा घेतली, आणि १९२७ मध्ये जाताना आपल्या चित्रसंग्रहासह ती राष्ट्राच्या नावे केली. त्या लोकवर्गणीचं मोल मला या दानाइतकंच मोठं वाटतं.

आज वाडा बघायला तिकीट नाही. बाबागाडी ढकलत, चिखलाचे बूट झटकत माणसं आत येतात आणि थेट रेम्ब्राँच्या आत्मचित्रासमोर उभी राहतात. व्हर्मीरची गिटार वाजवणारी मुलगीही इथेच आहे.

डायडोचं मूळ चित्र मात्र स्कॉटलंडमधल्या स्कोन पॅलेसमध्ये आहे. ते इथे हवं होतं, याच दालनांत, येणाऱ्या-जाणाऱ्या सगळ्यांच्या नजरेसमोर.