परत न मिळालेलं गाव

इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावर, डॉर्सेटच्या डोंगरधारांमधल्या दरीत टाइनहॅम नावाचं गाव नांदत होतं. दगडी घरांची एक रांग, त्या रांगेतच पोस्ट, जवळ शाळा आणि सेंट मेरीचं चर्च. पाणी गावाच्या नळावरून भरून आणायचं. दरीच्या तोंडाशी वर्बॅरोचा समुद्र. तिथे कोळ्यांच्या होड्या बांगड्यांमागे जात. जमीन आणि घरं बाँड घराण्याची. बाकीच्यांच्या नावावर काहीच नव्हतं, पण पायवाट न् पायवाट त्यांच्या ओळखीची होती.

नोव्हेंबर 1943 मध्ये घरोघरी पत्रं आली. रणगाड्यांच्या सरावासाठी युद्धखात्याला ही दरी हवी होती. डिसेंबरात, नाताळ तोंडावर आला असताना, 225 माणसं आपापलं सामान बांधून निघाली. जाताना चर्चच्या दारावर एक चिठ्ठी लावली गेली. तीत तक्रार नव्हती. चर्च आणि घरं जपा, एवढीच सैनिकांना विनंती होती, आणि आपण परतणार हा विश्वास.

1945 मध्ये युद्ध संपलं. इंग्लंड जिंकलं. टाइनहॅमची माणसं मात्र परतली नाहीत. 1948 मध्ये सरकारने ही जमीन सक्तीने विकत घेतली आणि तोफा धडाडत राहिल्या. छपरं कोसळली. पहिल्या एलिझाबेथ राणीच्या काळातला वाडा 1960 च्या दशकात बराचसा पाडला गेला.

आता बहुतेक शनिवार-रविवारी, सराव नसताना, दरीचा रस्ता उघडतो. लोक भिंतींमधून हिंडतात, जपून ठेवलेल्या शाळेत डोकावतात. नांगर आणि रासायनिक खतं इथे फिरकली नाहीत, म्हणून रानफुलं मुबलक आहेत. गाव गेलं पण निसर्ग वाचला, असं समाधान काहीजण मानतात. मला ते समाधान पुरत नाही. फुलं सुंदर आहेत, पण ती त्या माणसांच्या घरांची भरपाई नव्हेत.

कोणी म्हणेल, गाव तसंही ओसरतच होतं. मुलं उरली नाहीत म्हणून शाळा 1932 मध्येच बंद पडली होती. खरं आहे. कदाचित आज तिथे शहरी लोकांची सुट्टीतली घरं असती. कदाचित शेवटचा म्हातारा आपल्या खाटेवर मेला असता आणि दार कायमचं लागलं असतं. पण ते गावाचं स्वतःचं म्हातारपण झालं असतं. माणसासारखाच गावालाही आपल्या गतीने बदलण्याचा, थकण्याचा, आपल्या मरणाने मरण्याचा हक्क असतो. टाइनहॅमचा तो हक्क गेला, आणि माझा शोक त्याचाच आहे.

त्या माणसांनी आपली घरं देशाला उसनी दिली होती. युद्धाने मागितलेलं हरलेला देश परत करू शकला नसता, तर समजून घेता आलं असतं. हा देश जिंकला होता. म्हणूनच ते देणं अजून फिटलेलं नाही.