देवळाली ते डूलाली

एखाद्याच्या डोक्यावर परिणाम झाला आहे, असे थट्टेने सांगायचे असेल तर इंग्रजीत तो ‘डूलाली’ झाला असे म्हणतात. हा शब्द नाशिकजवळच्या देवळालीवरून आला. आणि ज्या तरुणाची ही हकीकत आहे, तो देवळालीचाच.

मुंबईत नोकरी करणाऱ्या, इतिहासाची पदवी घेतलेल्या या सत्तावीस वर्षांच्या तरुणाला एका शनिवारी मित्राने डूलालीच्या टॅपरूममध्ये नेले. ‘चल, तुझ्या गावच्या नावाचं दुकान दाखवतो.’ २००९ मध्ये पुण्यात सुरू झालेली ही ब्रुअरी देशातल्या अगदी पहिल्या मायक्रोब्रुअरींपैकी एक. गावाचे नाव पाटीवर पाहून एरवी गंमत वाटली असती. पण त्याच आठवड्यात कार्यालयाच्या ऑनलाइन बैठकीत लंडनचा एक सहकारी कुणाला तरी उद्देशून हाच शब्द वापरून गेला होता आणि सगळे हसले होते. नंतर शब्दकोश उघडल्यावर त्याला हसू आले नाही. ज्या गावात आजीचे सारे आयुष्य गेले, ते गाव साहेबाच्या भाषेत वेडाचे नाव होऊन बसले होते.

मित्राने चवीपुरता संच मागवला. लाकडी फळीवर चार लहान ग्लास आले. फिकट रंगाकडून गडद रंगाकडे जायचे, हा रिवाज. कारण भाजलेल्या माल्टची चव एकदा जिभेवर बसली की नाजूक बिअर पाण्यासारखी लागते.

पहिली गव्हाची, जर्मन पद्धतीची. तिला केळ्याचा आणि लवंगेचा वास येतो, पण त्यात केळे नसते आणि लवंगही नसते; ती सारी करामत यीस्टची. गंमत अशी की बव्हेरियाच्या १५१६ च्या प्रसिद्ध शुद्धतेच्या फर्मानात जव, हॉप्स आणि पाणी एवढेच घटक आहेत, यीस्टचा उल्लेखही नाही. गहूही नाही. तरी गव्हाची बिअर टिकली, कारण ती गाळण्याचा खास हक्क एका सरदार घराण्याकडे होता आणि १६०२ मध्ये तो खुद्द ड्यूकने आपल्याकडे घेतला. नियम प्रजेला, गहू राजाला! आपल्याकडे कौटिल्याच्या अर्थशास्त्रात मात्र ‘किण्व’, म्हणजे आंबवण, हा सुरेचा स्वतंत्र घटक म्हणून मापासह नोंदलेला आहे. पानागारात स्वतंत्र खोल्या, आसने, फुले आणि पाणी असावे, हेही तेथेच सांगितले आहे. टॅपरूमच्या मालकांनी वाचावे असे ते प्रकरण आहे.

दुसरी बेल्जियन: धणे आणि संत्र्याची साल घातलेली. हूगार्डन गावातून ही पद्धत १९५० च्या दशकात नामशेष झाली होती. पियेर सेलिस नावाच्या, पूर्वी दूध घालणाऱ्या माणसाने ती १९६० च्या दशकात पुन्हा उभी केली.

तिसरा ग्लास आयपीएचा, म्हणजे इंडिया पेल एलचा. मित्र रंगात आला. ‘ही आपलीच रे! इंग्लंडहून येईपर्यंत बिअर नासायची, म्हणून साहेबाने तिच्यात हॉप्स वाढवले आणि हा नवा प्रकार शोधून काढला.’ ही कथा जगभरातल्या बारमध्ये सांगितली जाते. ती देखणी आहे आणि बरीचशी खोटी आहे. अठराव्या शतकात अनेक प्रकारची बिअर केप ऑफ गुड होपला वळसा घालून, दोनदा विषुववृत्त ओलांडून भारतात धडधाकट पोहोचत होती. उष्ण प्रदेशासाठी हॉप्स वाढवावेत, हेही मद्यकारांना आधीच ठाऊक होते. लंडनच्या बो भागातल्या हॉजसनचा माल इकडे चालला, त्यामागे शोधापेक्षा शेजार होता. कंपनीची जहाजे लागत ती गोदी त्याच्या ब्रुअरीजवळ होती आणि तो कप्तानांना दीर्घ मुदतीची उधारी देई. पुढे हॉजसनची अरेरावी वाढली, तेव्हा १८२० च्या दशकात बर्टनचा ऑलसॉप या व्यापारात उतरला. बर्टनच्या पाण्यात जिप्सम भरपूर, त्यामुळे हॉप्सचा कडवटपणा अधिक स्वच्छ उतरला. म्हणजे ‘इंडिया’ हे त्या बिअरचे जन्मस्थान नव्हे, तिची बाजारपेठ होती.

शिवाय ती साहेबांची बिअर होती: अधिकाऱ्यांची आणि व्यापाऱ्यांची. साध्या गोऱ्या शिपायाच्या वाट्याला यायची ती काळी पोर्टर. फळीवरचा चौथा ग्लास, स्टाउट, हा त्या पोर्टरचाच वंशज.

तो ग्लास हातात आल्यावर तरुण गप्प झाला. देवळालीच्या छावणीत बसलेला शिपाई हेच पीत असावा.

ही छावणी १८६१ ची. मुदत संपलेले शिपाई मायदेशी जाण्यासाठी येथे येऊन थांबत. फौजा नेणारी जहाजे मात्र साधारण हिवाळ्याच्या हंगामातच सुटत. हंगामाचे शेवटचे जहाज चुकले की सारा उन्हाळा आणि पावसाळा तेथेच. नोकरी संपलेली, काम नाही, शिस्त सैल झालेली, गाठीला थोडे पैसे आणि जवळ दारू. काहींना हिवताप, काहींना गुप्तरोग, काहींचे डोके खरोखरच फिरले. फ्रँक रिचर्ड्स या माजी शिपायाने १९३६ च्या ‘ओल्ड सोल्जर साहिब’ या आठवणींत या छावणीविषयी लिहिले आहे. शिपायांच्या तोंडी मूळ शब्दप्रयोग होता ‘डूलाली टॅप’. हा टॅप बिअरचा नळ नव्हे. तो आपला ‘ताप’. पुढे इंग्लंडात ताप गळून पडला आणि गाव तेवढे उरले.

गाव वेडे नव्हते. वेडे झाले ते दूर कुठेतरी बसून आखलेल्या जहाजांच्या वेळापत्रकात अडकलेले गरीब घरचे तरुण. पण शब्दाने वेळापत्रकाचे नाव घेतले नाही, हवामानाचे आणि गावाचे घेतले. तरुणाला खटकले ते हेच. आयपीएच्या कथेतही भारत म्हणजे नुसता उकाडा, येथेही तेच. छावणीची घरकामे करणारी, तिला दूध, भाजी आणि लाकूडफाटा पुरवणारी माणसे या दोन्ही कथांत नाहीत. छावणीत बिअर वाहत असताना १८७८ च्या मुंबई अबकारी कायद्याने खेड्यापाड्यांतील गाळपावर आणि ताडीमाडीच्या झाडांवर परवान्यांची पकड आवळली, हेही त्या कथांत येत नाही.

‘मग या बारवाल्यांवर रागावलास?’ मित्राने विचारले.

‘यांच्यावर कशाला? यांनी शब्द बाटलीतून काढून नळावर लावला, एवढंच. आता निदान कुणीतरी विचारतं, हा आला कुठून.’ मग थोडे थांबून तो म्हणाला, ‘त्या शिपायांचं वाईट वाटतं, हे मात्र घरी सांगू नकोस. आजी छावणीच्या गोऱ्यांना अजून शिव्या देत असेल वरती.’

स्टाउट त्याने सावकाश संपवली. भाजलेल्या जवाची चव कोऱ्या कॉफीसारखी लागत होती.

सोमवारच्या बैठकीत त्याने लंडनच्या सहकाऱ्याला दोन वाक्यांत सांगितले की डूलाली हे रेल्वे स्थानक आहे, त्याची आजी तेथे राहत असे, आणि तेथे इंग्रज शिपाई जहाजाची वाट पाहत आजारी पडत. सहकारी ओशाळला. मग त्याने गावाचा खरा उच्चार विचारला. तरुणाने तो तीनदा सावकाश करून दाखवला. तिसऱ्या प्रयत्नालाही त्या सहकाऱ्याला ‘ळ’ काही जमला नाही.