नांगर रुतला, आता निर्धास्त!

दोस्तांनो, चला अमेरिकेतल्या फ्लोरिडाजवळच्या बहामा देशात! तिथल्या एक्झुमा बेटांमधून एक जोडपं शिडाच्या होडीतून चाललंय. काका सुकाणूवर, काकू पुढच्या टोकाला. काकू पाण्याचे रंग वाचतात. गडद निळं म्हणजे खोल, फिकट हिरवं म्हणजे उथळ वाळू, तपकिरी म्हणजे खडक किंवा प्रवाळ. त्यावर होडी आपटली तर तळच फुटायचा! हे रंग उन्हातच नीट दिसतात, म्हणून मुक्काम दिवसाउजेडी गाठायचा.

बिग मेजर बेटापाशी वाळूत नांगर टाकला. पाणी ३ मीटर, साखळी मात्र २० मीटर! का बरं? लांब साखळी तळाशी आडवी पडते. मग होडीनं ओढ दिली की नांगर उपटत नाही, उलट आणखी रुततो. रात्री वारा वाढला तरी झोप बिनघोर!

अन् ते पाहा, किनाऱ्यावरून पोहत पाहुणे आले खाऊ मागायला. चक्क डुकरं!