जमीन विकण्याआधी

गेल्या निवडणुकीत परतूरजवळच्या मैदानात हेलिकॉप्टर उतरलं. धुळीचा लोट उठला, आणि बारावीत शिकणारी माझी भाची घरी येऊन म्हणाली, "मामू, मेरेकू येच चलाना है." आमच्या वाटूर फाट्यावर थांबते ती एसटी. सगळे हसले. दुल्हेभाई मात्र हसले नाहीत. दुसऱ्या दिवशी त्यांनी मला हळूच विचारलं, "दीड एकर विकलं तर भागेल का?"

मग मी चौकशीला लागलो. व्यावसायिक वैमानिकाच्या परवान्यासाठी विमानाचे २०० तास उड्डाण लागतं, हेलिकॉप्टरचे १५०. दुल्हेभाईंना वाटलं, पन्नास तासांचे पैसे वाचले. तसं नाही. हेलिकॉप्टरचा एकेक तास कितीतरी महाग, आणि शिकवणाऱ्या जागाही थोड्या. विमान शिकायला आपल्याच राज्यात गोंदिया आहे, बारामती आहे. बरं, नोकरी? जुहूहून मुंबई हायच्या तेलविहिरींकडे हेलिकॉप्टरं जातात, केदारनाथला यात्रेकरू नेतात. पण तिथे पुष्कळ तासांचा अनुभव मागतात; लष्करातून निवृत्त झालेले वैमानिक बरेच. नवख्या मुलीला ते तास मिळणार कुठून? विमानाचा परवाना काढला तरी मोठ्या विमानाच्या टाइप रेटिंगचा खर्च वेगळाच. कर्ज काढायचं तर व्याज आलं, आणि त्याला आपा राजी नाही.

शिवाय पहिली परीक्षा शरीराची. डीजीसीएच्या नियमाप्रमाणे आधी क्लास टू, मग क्लास वन मेडिकल. त्यात नापास झाल्यावर विकलेली जमीन परत येत नाही.

दुसरा रस्ता एनडीएचा. २०२२ पासून खडकवासल्याला मुलीही शिकतात, तेही सरकारी खर्चाने. हवाई दलासाठी बारावीला फिजिक्स, केमिस्ट्री आणि गणित लागतं. तिचे ते विषय आहेत. मात्र पुढे विमान की हेलिकॉप्टर, हे हवाई दल ठरवतं.

हे सगळं मी तिला सांगितलं. ती थोडा वेळ गप्प बसली. मग म्हणाली, "कुछ भी चलाऊंगी मामू. अब्बा की जमीन रहने दो."

दुल्हेभाईंनी सातबारा घडी घालून पेटीत ठेवला.

फॉर्म भरलाय. निवड होईल की नाही, अल्लाह जाणे. तुमच्या घरातही असं पोर असेल तर त्याला हसू नका. पण आधी मेडिकल करा, मग पैशांचा हिशेब मांडा. विमान की हेलिकॉप्टर, हा वाद त्यानंतरचा.