वायरमनची पेनल्टी

नॉटिंगहॅम फॉरेस्ट या फुटबॉल क्लबच्या सामन्याच्या पत्रिकेत एके काळी एक जाहिरात छापून यायची: विजेची कामं करून मिळतील. ती देणारा माणूस त्याच पत्रिकेत खेळाडूंच्या यादीतही असायचा. स्टुअर्ट पिअर्स, डावा बचावपटू. आपण ज्याला वायरमन म्हणतो, तो त्याचा मूळ धंदा. दिवसा वायरी ओढायच्या आणि वील्डस्टोन या लहानशा क्लबकडून खेळायचं, असं एकविसाव्या वर्षापर्यंत चाललं. १९८३मध्ये कॉव्हेंट्रीनं त्याला उचललं, १९८५मध्ये प्रशिक्षक ब्रायन क्लफनं फॉरेस्टला नेलं, तरी पक्कड काही सुटली नाही. फुटबॉलचा काय भरवसा? आमच्या आजोबांनाही हा हिशेब पटला असता.

प्रेक्षक त्याला 'सायको' म्हणत. त्याच्या अंगावर जायला भलेभले विंगर कचरत. पण मला तो आठवतो तो अंगावर जाताना नव्हे, एकटा चालताना.

४ जुलै १९९०, तुरिन. विश्वचषकाची उपांत्य फेरी, समोर पश्चिम जर्मनी. आपल्याकडे रात्रीचे दोन वाजून गेले होते. घरच्यांची झोपमोड नको म्हणून टीव्हीचा आवाज पार बारीक केलेला. सामना पेनल्ट्यांवर गेला. इंग्लंडची चौथी पेनल्टी पिअर्सची. त्यानं सरळ मधोमध ठोकली. जर्मन गोलरक्षक इल्गनर एका बाजूला झेपावलाही होता, पण त्याचे पाय मागे राहिले आणि चेंडू नेमका पायांवर आदळला. पुढे इंग्लंडच्याच वॅडलनं बारवरून उडवली. संपलं.

अशा वेळी शहाणा माणूस पुन्हा पेनल्टीच्या ठिपक्याकडे फिरकत नाही. पिअर्स फिरकला. सहा वर्षं गेली. २२ जून १९९६, वेम्बली, युरो स्पर्धेत स्पेनशी गाठ, पुन्हा पेनल्ट्या. तिसरी त्याची. मध्यरेषेपासून ठिपक्यापर्यंत तो चालत निघाला तेव्हा अख्ख्या स्टेडियमला तुरिन आठवत असणार. चेंडू जाळ्यात गेला आणि तो प्रेक्षकांकडे वळून ओरडला. गळ्याच्या शिरा तट्ट फुगलेल्या, डोळे बाहेर आलेले, मुठी आवळलेल्या. लोक त्याला आनंद म्हणतात. मला तो आनंद वाटत नाही. घशात सहा वर्षं अडकलेलं काहीतरी बाहेर पडताना असा आवाज होतो.

दुसऱ्या दिवशी हा गृहस्थ संघातल्या गॅरेथ साउथगेटला घेऊन सेक्स पिस्टल्सचा कार्यक्रम ऐकायला गेला! पंक संगीताचं त्याला वेड. स्पेनच्या सामन्यानंतर चारच दिवसांनी जर्मनीविरुद्ध पिअर्सनं पुन्हा पेनल्टी मारली. साउथगेटची मात्र अडली. ड्रेसिंगरूममध्ये त्या पोराचं दुःख ओळखणारा निदान एक माणूस होता.

इंग्लंडसाठी तो ७८ सामने खेळला. फॉरेस्टमध्ये बारा वर्षं काढली. १९९१च्या एफए कप अंतिम सामन्यातली त्याची थेट जाळ्यात गेलेली फ्री किक अजून डोळ्यांसमोर आहे. तो सामना मात्र फॉरेस्ट हरलं.

शेवटचा सामना २१ एप्रिल २००२चा. मँचेस्टर सिटीचा कर्णधार म्हणून, पोर्ट्‌समथविरुद्ध. शेवटच्या क्षणी सिटीला पेनल्टी मिळाली. कारकिर्दीतले ९९ गोल झाले होते, म्हणून सगळ्यांनी चेंडू त्याच्याकडेच दिला. ती त्यानं चुकवली. चाळिशीला तीन दिवस उरले होते.