वाशीहून दिंडोरीस

गेल्या माघ महिन्यात मी नाशिक जिल्ह्यातील दिंडोरी या गावी चार दिवस राहून आलो. घरी सांगताना वणीच्या सप्तशृंगीचे दर्शन हे निमित्त सांगितले होते, आणि ते दर्शन यथासांग घडलेही. परंतु जाण्याचे खरे कारण निराळे होते. माझ्या धाकट्या बंधूंचा मुलगा त्या तालुक्यातील एका वायनरीत, म्हणजे द्राक्षांपासून मद्य करण्याच्या कारखान्यात, नोकरीस आहे. सूक्ष्मजीवशास्त्र हा त्याचा विषय. ही गोष्ट आमच्या घरात तीन वर्षे कोणी मोठ्याने उच्चारीत नसे. गावात कोणी विचारल्यास ‘नाशकाकडे औषधांच्या कारखान्यात असतो’ असे उत्तर ठरून गेले होते. हे उत्तर प्रथम कोणी दिले ते पुष्कळ आठवून पाहिले. ते मीच दिले होते. चाळीस वर्षे मुलांना सत्यकाम जाबालाची गोष्ट शिकविणाऱ्या मनुष्याने!

आता त्याच्या धाकट्या बहिणीस सोलापूरकडील एक स्थळ आले. घराणे चांगले, मुलगा शिकलेला. फाल्गुनात बैठक ठरली. मुलीचा भाऊ काय करतो हा प्रश्न त्या बैठकीत यावयाचाच. आणि औषधांच्या कारखान्याचे उत्तर तेथे देऊन मागाहून खरे उघडकीस आले, तर मुलीस जन्मभर ऐकून घ्यावे लागेल. बंधू या विषयावर बोलण्यास तयार नाहीत. मुलाशी त्यांनी बोलणेच टाकले होते. तेव्हा निदान एकाने तरी डोळ्यांनी पाहून यावे, असे मनाशी ठरवून मी निघालो. निघताना भावजयीने हाती एक पितळी डबा दिला आणि ‘दादा, एवढे लाडू तेवढे पोचते करा’ इतकेच म्हटले. निमित्त कोणासच खरे वाटले नव्हते, हे मला तेव्हा कळले.

आमचे वाशी बालाघाटाच्या माळावर वसलेले. पाऊस पडला तर सोयाबीन आणि तूर; न पडला तर टँकरची वाट पाहावयाची. तालुक्यातील तेरखेड्याचे फटाके आणि शेजारच्या भूमचा खवा यांनी आमच्या भागाचे नाव थोडेफार बाहेर नेले आहे. बाकी आम्ही काटकसरीने राहणारी माणसे. भूमवरून खर्डा, जामखेड, अहिल्यानगर, संगमनेर, सिन्नर असा मजल दरमजल प्रवास झाला. खर्ड्यास मोटार थांबली असता १७९५ च्या लढाईची हकिगत शेजारच्या मुलास सांगावयास मी आरंभ केला. पण त्याच्या दोन्ही कानांत यंत्रे होती.

नाशकाहून दिंडोरी उत्तरेस सुमारे पंचवीस किलोमीटर. डाव्या हातास रामशेज दिसतो. औरंगजेबाच्या फौजेस वर्षानुवर्षे झुंजविणारा हा किल्ला दिसावयास अगदीच साधा डोंगर आहे. पुढे दुतर्फा द्राक्षबागा लागतात. आमच्याकडे माघात जमीन करपू लागलेली असते. येथे दृष्टी पोचेल तेथवर मांडवांची हिरवी छते. प्रथम मला हेवा वाटला, हे कबूल करतो. मागून कळले की हे पाणीही कोणी ताटात वाढलेले नाही. तालुक्यात वाघाड, करंजवण, पालखेड अशी धरणे आहेत खरी. परंतु वाघाडचे पाणी कालव्याच्या शेवटल्या शेतकऱ्यास मिळत नसे. १९९१ च्या सुमारास ओझरकडील शेतकऱ्यांनी पाणीवापर संस्था काढल्या, पाणी मोजून घेऊन आपसांत वाटावयास आरंभ केला, आणि पुढे साऱ्या प्रकल्पाचे व्यवस्थापनच अशा संस्थांच्या संघाकडे आले. या भागात द्राक्षाची व्यापारी लागवड ओझरचे रावसाहेब जयराम कृष्ण गायकवाड यांनी १९२५ साली केली असे सांगतात. म्हणजे या हिरव्या छतामागे शंभर वर्षांची मेहनत आहे.

दिंडोरी गाव म्हणाल तर मोठे शोभिवंत नाही. बाजारपेठेत कापडाच्या दुकानांपेक्षा द्राक्षाच्या औषधांची दुकाने अधिक. तेथील बाकावर बसले की गावची सर्व वार्ता कळते. कोणाच्या बागेवर केवडा आला, कोणाच्या भुरी. कोणता व्यापारी किलोमागे काय भाव देऊन गेला. आणि कोणता पैसे बुडवून पळाला. हे शेवटचे येथील जुने दुखणे आहे. परप्रांतीचा व्यापारी येतो, पहिल्या दोन गाड्यांचे पैसे रोख देतो, पुढच्या दहा गाड्या उधारीवर नेतो आणि नाहीसा होतो. २०२० साली पोलिसांनी मोहीम काढून पुष्कळांचे पैसे परत मिळवून दिले, त्याची कथा लोक अजून चवीने सांगतात. सकाळी चौकात मजुरांचा अड्डा भरतो. पेठ, सुरगाणा इकडील आदिवासी बायाबापे बिऱ्हाड पाठीशी बांधून छाटणीस आणि खुडणीस येतात. बागेची सारी नजाकत त्यांच्या बोटांत आहे. मोहाडीस शेतकऱ्यांनीच उभारलेल्या सह्याद्री कंपनीची द्राक्षे युरोपात जातात. त्या युरोपानेच २०१० साली एका औषधाचा अंश सापडला म्हणून येथील द्राक्षे नाकारली आणि कित्येक घरे बसली. सात समुद्रांपलीकडे कोणी एक नळी भिंगाखाली धरतो आणि दिंडोरीत कोणाचे लग्न मोडते, असा हा काळ आहे.

पुतण्याने मला दुसऱ्या दिवशी पहाटे चारास उठविले. मद्याची द्राक्षे उन्हे चढण्यापूर्वी खुडावी लागतात, नाही तर रस तापून बिघडतो. बागेत कपाळाला दिवे बांधलेल्या बाया ओळीने घड कापीत होत्या. मी एक मणी तोंडात टाकला. आपण खातो त्या द्राक्षाशी त्याचे नात्यापुरतेच साम्य. मणी वाटाण्याएवढा, साल जाड, आत बिया, गोडीमागून एकदम तुरटपणा. खाण्याच्या द्राक्षास संजीवकात बुडवून फुगवितात. याला लहानच राहू द्यावयाचे, कारण लाल मद्याचा रंग आणि कस सालीत असतो. शिराझ, शेनिन ब्लां अशी नावे त्याने सांगितली; पैकी दुसरे माझ्या जिभेवर शेवटपर्यंत बसले नाही.

कारखान्याची स्वच्छता पाहून मला आमच्या आईच्या सोवळ्याची आठवण झाली. पायांस निराळी पादत्राणे, हात धुतल्यावाचून कशास शिवावयाचे नाही. घड यंत्रात पडतात, देठ वेगळे होतात. पांढऱ्या मद्यासाठी रस लगेच पिळून घेतात, लालसाठी साली रसातच ठेवतात. मग पोलादी टाक्यांत किण्व सोडावयाचे. ते रसातील साखर खाते, तिचे मद्यार्क करते आणि कर्बवायू सोडते. टाकीत बेसावध उतरणारा मनुष्य त्या वायूने क्षणात जातो, म्हणून तेथे नियम फार कडक. पांढऱ्याची टाकी थंड ठेवावी लागते, लालची थोडी उबदार. एका पाऊण लिटरच्या बाटलीस सव्वा किलोच्या आसपास द्राक्षे लागतात. पुतण्या एका टाकीपासून दुसरीकडे वही घेऊन हिंडत होता, साखर मोजीत होता, तपमान टिपीत होता. त्याचे अक्षर पाहिले. मीच वळण लावलेले अक्षर. पुसट झाले नव्हते.

आणि मग तो प्रसंग आला ज्यासाठी मी इतका आटापिटा केला होता. त्याने एका पेल्यात बोटभर मद्य घेतले, हुंगले, तोंडात घोळविले, आणि शेजारच्या मोरीत थुंकून दिले. एकामागून एक आठ टाक्या. माझ्याकडे न पाहता म्हणाला, “काका, दिवसभरात असे तीस-चाळीस पेले होतात. पिऊ लागलो तर दुपारपर्यंत नोकरी जाईल.” मी विचारले, “आणि रात्री?” तो जरा थांबला आणि म्हणाला, “वर्षातून दोन-चारदा, सगळे बसलो म्हणजे थोडी घेतो. खोटे सांगत नाही.” मला राग यावयास हवा होता. तो आला नाही. उलट या तीन वर्षांत आमच्या घरात प्रथमच कोणी या विषयावर सरळ बोलले, एवढे मात्र जाणवले.

रात्री त्याच्या खोलीत पडल्यापडल्या आमचा शास्त्रार्थ झाला. तो म्हणाला, वाइन ही दारू नव्हे असे पुष्कळ मोठी माणसेही म्हणतात. मी म्हटले, बाबा, मोठ्या माणसांचे मला सांगू नको. कौटिल्याने सुराध्यक्षाच्या प्रकरणात मद्यांचे प्रकार सांगितले आहेत, त्यांतच मृद्वीकेच्या, म्हणजे द्राक्षाच्या, रसाचे ‘मधु’ आहे, आणि कापिशायन व हारहूरक ही त्याची देशावरून पडलेली नावेही दिली आहेत. रघुवंशाच्या चौथ्या सर्गात पारसीकांना जिंकल्यावर रघूचे योद्धे द्राक्षवेलींच्या भूमीत बसून हेच पितात आणि श्रम घालवितात. तेव्हा मद्य ते मद्य. नाव बदलून वस्तू बदलत नाही. औषधाचा कारखाना म्हणूनही बदलत नाही. हे शेवटचे वाक्य मी त्याला उद्देशून म्हटले नव्हते, आणि ते त्याने ओळखले.

त्यालाही माझीच शिकवण उलटविता येत होती. “काका, तेरच्या संग्रहालयात आम्हा मुलांना घेऊन गेला होतात तेव्हा काय सांगितलेत?” मी सांगितले होते ते खरेच आहे. आमच्या जिल्ह्यातील तेर म्हणजे प्राचीन तगर. दोन हजार वर्षांपूर्वीच्या एका ग्रीक प्रवासवृत्तात लिहिले आहे की पैठणच्या पूर्वेस दहा दिवसांच्या वाटेवरील तगराहून कापड गाड्यांनी भडोचास जाई. आणि त्याच भडोच बंदरात जहाजांतून जो माल उतरे त्यात पहिल्या पसंतीचे मद्य इटलीचे असे. म्हणजे आमच्या पूर्वजांचे कापड आणि यवनांचे मद्य एका बंदरात समोरासमोर उभे होते. मी गप्प बसलो. शिष्याकडून पराजय इच्छावा असे म्हणतात. ते वाटते तितके सोपे नाही.

तो ज्यांच्या घरी राहतो ते गृहस्थ स्वतः बागाईतदार. त्यांची गोष्ट सांगितल्यावाचून हा लेख पुरा व्हावयाचा नाही. २००१ साली सरकारने द्राक्षप्रक्रियेचे धोरण काढले, वाइनला करात सवलत दिली, आणि गावोगाव वायनऱ्या उभ्या राहिल्या. या गृहस्थांनीही २००५ साली खाण्याची द्राक्षे काढून दोन एकरांत मद्याची द्राक्षे लावली. एका कारखान्याशी करार झाला. २००८ नंतर मंदी आली, मुंबईवरील हल्ल्यानंतर हॉटेले ओस पडली, टाक्यांत माल तसाच राहिला. कारखान्याने प्रथम भाव पाडला, मग धनादेश दिले ते परत आले, मग दारच बंद केले. खाण्याचे द्राक्ष निदान बाजारात नेऊन विकता येते. हे आंबट, बियांचे द्राक्ष कोण घेणार? त्यांनी पाच वर्षांच्या वेली स्वतःच्या हाताने तोडल्या. “मास्तर, मुळाशी कुऱ्हाड लावली तेव्हा वेलीतून पाणी गळत होते,” एवढे सांगून ते उठून गोठ्याकडे गेले. त्याच २०१० साली ‘नाशिक व्हॅली वाईन’ला भौगोलिक मानांकन मिळाले, हा योगायोग त्यांच्या पत्नीने मला सांगितला.

पुन्हा लावले का, असे विचारता गृहस्थ म्हणाले, एक एकर लावले आहे. कारण विचारले तर माझ्या पुतण्याकडे बोट दाखविले. कारखान्यातला मनुष्य आपल्या घरात राहतो, टाकीत माल किती पडून आहे ते रात्री जेवताना सांगतो. पूर्वी हे सांगणारा कोणी नव्हता. २०२२ च्या जानेवारीत मोठ्या दुकानांतून वाइन विकू देण्याचा निर्णय मंत्रिमंडळाने केला तेव्हा या गावी पेढे वाटले गेले. मग विरोध उठला आणि ते मागे पडले. माझे मत विचाराल तर मी विरोधकांच्या बाजूचा आहे. मुले जेथे बिस्किटे घ्यावयास जातात तेथे मद्य नसावे. हे मी त्या घरात, त्यांच्या ताटावर बसून बोललो. गृहस्थांनी वाद घातला नाही. पोळीवर आणखी तूप वाढले.

सप्तशृंगीला आता रुळांवरून चढणारी गाडी झाली आहे. मी पायऱ्यांनीच गेलो.

घरी आल्यावर आईने पहिला प्रश्न केला, “पितो का?” मी म्हटले, चाखतो आणि थुंकतो. आई म्हणाली, “तोंडात गेले म्हणजे गेलेच.” वर्षातून दोन-चारदा घेतो हेही सांगितले. ती बराच वेळ जपमाळ हाती धरून बसली. माळ पुढे सरकत नव्हती. मग म्हणाली, “वाळला आहे का रे?”

फाल्गुनातील बैठकीत तो प्रश्न आलाच. मी बंधूंकडे पाहिले. त्यांची दृष्टी सतरंजीवर. मी सांगितले, “मुलगा दिंडोरीस वायनरीत आहे. तेथे द्राक्षांचे मद्य करतात आणि ते शास्त्रशुद्ध व्हावे हे पाहणे त्याचे काम. आम्ही गावात आजवर निराळे सांगत होतो, ती चूक माझी.” आतल्या खोलीतील भांड्यांचा आवाज थांबला. मुलाच्या आजोबांनी कारखान्याविषयी दोन-चार प्रश्न विचारले, चहा घेतला, पत्रिका नीट घडी करून खिशात ठेवली आणि आठ दिवसांत कळवितो म्हणून उठले. आज तेरावा दिवस. अद्याप काही कळविलेले नाही. पुतणी त्या दिवसापासून माझ्याशी नेहमीपेक्षा अधिकच मोकळेपणाने बोलते. त्याचा अर्थ काय घ्यावा ते मला कळत नाही.

बैठकीच्या त्याच संध्याकाळी बंधूंनी माझा दूरध्वनी मागून घेतला आणि अंगणात जाऊन मुलास लावला. ओटीवरून ऐकू येत होते. सोयाबीनचा भाव, विहिरीचे पाणी. मग तिकडची खरड छाटणी कधी म्हणून विचारले. चैत्रात, असे उत्तर आले असावे. इतक्यात आतून आई मोठ्याने ओरडली की तो पितळी डबा त्याला येताना घेऊन ये म्हणावे, जोडीतला आहे.